ग्राफिक्स कार्डची उष्णता नेमकी अडते कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरटीएक्स ३०८० कार्ड, तीन वर्षं वापरलेलं. नवं होतं तेव्हा गेम खेळताना ७२ अंशांवर राहायचं, आता ८४ वर जातं. हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, १०६, मेमरी १०२. पंधरा-वीस मिनिटं खेळलं की फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) ११० वरून ८० वर घसरतो आणि पंखे घोंगावायला लागतात. ब्रशने धूळ झाडून झाली, फरक शून्य. कोणी म्हणतं पेस्ट (चिप आणि तिच्यावरचा धातू यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) बदला, कोणी म्हणतं कार्ड संपलं. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की कॅबिनेटला पुढून काच आहे, आणि कार्ड नवं असताना खोलीत २४ अंश असायचे, आता ३० असतात. माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात कामाची वाक्यं हीच.

आधी एक भीती काढून टाकतो. कार्ड संपलेलं नाही. संपत आलेलं कार्ड नुसतं तापत नाही. पडद्यावर ठिपके, पट्टे दाखवतं, ड्रायव्हर पाडतं, नाहीतर सरळ काळा पडदा दाखवून गप्प बसतं. तुमचं कार्ड शहाण्यासारखं वागतंय. तापलं म्हणून वेग कमी करतंय, तेवढी उष्णता कमी झाली की पुन्हा वेग घेतंय. ३०८० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, म्हणजे ८४ हा आकडा काही धोक्याचा नाही. अडचण आहे ती हॉटस्पॉटच्या १०६ मध्ये. माझ्या पाहण्यात ही कार्डं हॉटस्पॉट १०५ च्या आसपास गेला की स्वतःला आवरायला लागतात, मुख्य आकडा कितीही सभ्य दिसो.

आता मुद्द्याचं. चिपमध्ये तयार झालेली उष्णता खोलीत पोहोचेपर्यंत तिला बराच रस्ता कापायचा असतो: चिपवरून पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्याच्या तळाला, तिथून हीटपाइपमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून) वर, मग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर, पत्र्यांवरून पंख्याच्या हवेत, ती हवा कॅबिनेटमध्ये आणि शेवटी कॅबिनेटमधून बाहेर. यात कुठेही वाट अडली तरी पडद्यावर दिसणारं लक्षण एकच, तापमान वाढलं. म्हणूनच नुसता एक आकडा पाहून सल्ला देणाऱ्यांचं निम्म्या वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होतं. कॅबिनेट गुदमरलेलं असतं आणि लोक पेस्ट बदलत बसतात. मला एका आकड्यात रस नसतो. दोन आकड्यांमधलं अंतर आणि तापमान चढण्याचा वेग या दोन गोष्टी जास्त बोलक्या असतात.

पहिलं अंतर खोलीपासूनचं. ७२ चे ८४ झाले म्हणजे १२ अंश वाढले असं तुम्ही म्हणता. पण खोलीच ६ अंशांनी तापली आहे, आणि कार्ड खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली जितकी चढते, कार्डही जवळपास तितकंच चढतं. तेव्हा खोलीपेक्षा ४८ अंश वर होतं, आता ५४ वर आहे. म्हणजे खरी बिघाडाची वाढ ६ अंशांची, बाकीची ६ हवामानाची. कार्ड दोन्ही वेळा ३२० वॅट खात असेल तर हिशोब असा: ४८ भागिले ३२० म्हणजे दर वॅटमागे ०.१५ अंश, आता ५४ भागिले ३२० म्हणजे सुमारे ०.१७. हा दर वॅटमागचा आकडा मी प्रत्येक कार्डाच्या बाबतीत लिहून ठेवतो. ऋतू बदलला, गेम बदलला, तरी तो फारसा हलत नाही. हलला तर समजायचं की रस्त्यात खरोखर काहीतरी अडलंय.

दुसरं अंतर मुख्य तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यातलं. चिपवर अनेक ठिकाणी संवेदक असतात आणि त्यातला सगळ्यात तापलेला जो असेल तो हॉटस्पॉट म्हणून दिसतो. चांगली बसलेली पेस्ट असेल तर पूर्ण भारावर हे अंतर साधारण १० ते १५ अंश असतं. तुमचं २२ आहे. चिपच्या एखाद्या भागावरून पेस्ट सरकली की त्या भागाची उष्णता वर चढायला वाट राहत नाही, तो कोपरा पेटतो, पण बाकीची चिप ठीक असल्याने मुख्य आकडा फारसा बिघडत नाही. मात्र हे अंतर वाचताना एक चूक हमखास होते: लोक वॅट बघतच नाहीत. १६० वॅटवर ११ अंशांचं अंतर आणि ३२० वॅटवर २२ अंशांचं अंतर, दोन्ही एकाच दर्जाची पेस्ट दाखवतात. कोणी हलक्या गेममधला आकडा दाखवून ‘माझं अंतर तर ९ च आहे’ म्हणत असेल तर त्याला आधी विचारा, वॅट किती?

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर हे नियम थोडे वेगळे लागू होतात. तिथे हॉटस्पॉटला जंक्शन तापमान म्हणतात आणि ५७०० एक्सटीपासून पुढच्या कार्डांवर कंपनी ११० अंशांपर्यंत चालवून घेते. याउलट एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा वाचायलाच मिळत नाही. तिथे पुढे सांगतो ती चढण्याच्या वेगाची युक्तीच वापरावी लागते.

आता मोजायचं कसं. एचडब्ल्यूइन्फो हा संवेदकांचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, फक्त सेन्सर निवडा. मुख्य तापमान, हॉटस्पॉट, मेमरी जंक्शन, वॅट, पंख्यांची गती आणि क्लॉक (चिपचा वेग) या ओळी डोळ्यांसमोर ठेवा. सोबत जीपीयू-झेड या तशाच प्रोग्रॅममध्ये पर्फकॅप रीझन नावाची ओळ असते. कार्डाने वेग कशामुळे रोखला आहे ते तिथे कळतं. पॉवर दिसलं तर वीज-मर्यादेमुळे, थर्मल दिसलं तर तापमानामुळे. फ्रेम घसरतात त्या क्षणी तिथे थर्मल दिसत नसेल तर तुमचा फ्रेम रेट कार्डाच्या तापण्यामुळे पडतच नाही, प्रोसेसरकडे बघावं लागेल. हे आधी तपासा, कारण ‘कार्ड तापतं’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत प्रोसेसरच्या कूलरचा पंप बंद पडलेला, असंही निघालं आहे.

चाचणीला फरमार्क हा कार्डावर भार टाकणारा प्रोग्रॅम नको. तो कार्डावर असा भार टाकतो जो कुठलाही गेम टाकत नाही. तिथले आकडे भीतीदायक येतात आणि शिकवत काहीच नाहीत. ज्या गेममध्ये त्रास होतो तोच गेम, तीच जागा, पात्र तिथेच उभं करून अर्धा तास सोडा. खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजून लिहा.

सुरू केल्यावर पहिलं मिनिट नीट बघा. हीच ती वेगाची युक्ती. हीटसिंक, म्हणजे तो तळ, नळ्या आणि पत्रे मिळून, किलोभर धातू. तो तापायला वेळ लागतो. भार पडताच दहा सेकंदांत हॉटस्पॉट ४५ वरून ९० च्या पुढे उडी मारत असेल, तर उष्णता त्या धातूपर्यंत पोहोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट किंवा बसवणूक बिघडलेली. याउलट पहिली पाच मिनिटं सगळं छान आणि मग पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर धातू नीट तापतोय, पण त्याच्याभोवतीची हवाच गरम होत चालली आहे. गेम बंद केल्यावरही असंच बघायचं. हॉटस्पॉट दोन सेकंदांत २०-२५ अंश खाली कोसळला तर तो अडथळा चिपच्या अंगाशी होता. सावकाश उतरला तर संपूर्ण हीटसिंकच तापून बसला होता.

तुमचं वर्णन ‘पंधरा-वीस मिनिटांनी’ असं आहे. त्यामुळे माझा पहिला संशय पेस्टवर नाही, कॅबिनेटवर आहे. पेस्टही थकलेली आहेच, अंतर २२ आहे, पण फ्रेम पाडणारं शेवटचं ओझं त्या काचेमागे साचलेल्या गरम हवेचं आहे.

याचा पुरावा दहा मिनिटांत मिळतो. तोच गेम चालू ठेवून, तापमान स्थिरावल्यावर, कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि दहा मिनिटं थांबा. दोन-तीन अंश उतरले तर कॅबिनेटचा दोष किरकोळ. सात-आठ किंवा जास्त उतरले तर तुमचा आरोपी सापडला. पाटी कायमची उघडी ठेवायची नाही हे वेगळं सांगायला नको. त्याने धूळ तर आत शिरतेच, शिवाय पुढून मागे वाहणारी हवेची धार मोडते आणि मदरबोर्डावरचे इतर भाग तापतात.

दुसरी चाचणी, पाटी लावून पंखे हाताने शंभर टक्क्यांवर न्या. मुख्य तापमान छान उतरलं पण हॉटस्पॉटचं अंतर २२ चं २२ च राहिलं, तर ते अंतर पेस्टचं आहे, हवेने कमी होणार नाही. पंखे शंभरावर असूनही कशावरच परिणाम नाही, तर एखादा पंखा फिरतच नाहीये का ते बघा. तीन पंख्यांच्या कार्डावर अनेकदा दोन पंख्यांची गती एकाच आकड्यात दिसते आणि त्यातला एक जागीच थरथरत असतो. टॉर्च मारून डोळ्यांनी बघा. आणि हो, काहीच न करता बसलेलं कार्ड ५० अंशांवर आणि पंखे बंद, हा बिघाड नव्हे. बहुतेक कार्डांचे पंखे ५०-६० अंशांपर्यंत फिरतच नाहीत. काही न करता ७० दिसत असेल तर मात्र मागे काहीतरी चालू आहे. टास्क मॅनेजरमध्ये कोण जीपीयू वापरतंय ते शोधा, कधी चोरून क्रिप्टोची आभासी नाणी खणणारा प्रोग्रॅमही निघतो.

एक किस्सा सांगतो, कारण तो तुमच्याच प्रकरणाचा जुळा भाऊ आहे. एकाने कार्ड पेस्ट बदलायला आणून दिलं. माझ्या उघड्या टेबलावर अर्धा तास चालवलं, हॉटस्पॉट ८३. तरी त्याचा आग्रह म्हणून पेस्ट बदलून दिली, घरी नेल्यावर पुन्हा १०४. शेवटी मी म्हटलं कॅबिनेटचा फोटो पाठवा. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात, मागे भिंतीला चार बोटं जागा, आणि पुढच्या तीनही पंख्यांची तोंडं उलटी, आत घेण्याऐवजी बाहेर फेकणारी. म्हणजे कार्ड स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत होतं. त्या दिवसापासून मी कार्डाच्या आधी कॅबिनेटचा फोटो मागतो.

तर कॅबिनेट. पंख्याची दिशा ओळखायची खूण: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्यांची चौकट दिसते त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर, ही साधी रचना पुरते. आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त असले तर फटींतून धूळही कमी शिरते. पुढची काच ही मात्र खरी डोकेदुखी. तिच्या मागे कितीही चांगले पंखे लावा, हवा येणार कडेच्या बोटभर फटीतूनच. पुढचं पॅनल काढून एकदा चाचणी घ्या. ते काढल्यावर मोठा फरक पडला तर दोन उपाय उरतात: काचेला आधार देऊन फट वाढवणं, नाहीतर जाळीचं कॅबिनेट. दिसायला काच सुंदर असते, पण ३२० वॅटचं कार्ड आणि बंद तोंडाचं कॅबिनेट ही जोडी माझ्या मनाला कधीच पटली नाही. पुढच्या जाळीमागे धुळीची गाळणी असते, ती लोक विसरतातच. ती काढून पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. कार्डाच्या खाली लगेच दुसरं कार्ड लावलेलं असेल तर हलवा. कार्ड उभं बसवून त्याचे पंखे काचेला चिकटले असतील तर तेही परत आडवं करा.

उभं-आडवं यावरून आठवलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या मूळ रचनेच्या काही कार्डांवर जंक्शन तापमान ११० ला टेकायचं. नेहमीप्रमाणे आडवं बसवलं की ११०, उभं केलं की बरंच कमी. लोकांनी पेस्ट बदलून पाहिली, उपयोग शून्य. शेवटी एएमडीने २०२३ च्या जानेवारीत मान्य केलं की काही कार्डांच्या व्हेपर चेंबरमध्ये द्रव कमी भरला गेला होता. हीटपाइप आणि व्हेपर चेंबर आतल्या थोड्याशा द्रवाची वाफ करून उष्णता वाहून नेतात. तो द्रवच कमी असेल तर वरून काहीही करा. तुमच्या कार्डाला ही शंका घ्यायचं कारण नाही, तीन वर्षं ते व्यवस्थित चाललंय.

आता धूळ. ब्रशने फरक पडला नाही यात नवल नाही. ब्रश पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढतो. खरी धूळ पंख्यांच्या मागे, पत्र्यांच्या तोंडावर लोकरीच्या थरासारखी बसते, आणि ब्रश तिला आणखी आत ढकलतो. कार्ड बाहेर काढा. त्याआधी कॉम्प्युटर बंद, पॉवर सप्लायचं बटण बंद, वायर सुटी. स्लॉटच्या टोकाचा लॅच दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका, तो तुटलेला मी खूप वेळा पाहिलाय. मग हवेचा डबा किंवा ब्लोअर घेऊन पत्र्यांच्या कडेने, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते तिकडून आत, फुंकर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. फुंकरीने तो वाऱ्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि फिरती मोटर उलटी वीजही तयार करते. डबा तिरपा धरला तर आतला द्रव थेट कार्डावर उडतो. व्हॅक्युम क्लीनरची नळी कार्डाला लावू नका, स्थिर विजेचा धोका असतो. खोलीत धूम्रपान होत असेल तर ती धूळ चिकट होते आणि फुंकरीने हलत नाही. पंख्यांची चौकट उतरवावीच लागते.

इथपर्यंत कार्डाचा एकही स्क्रू काढलेला नाही आणि अजून एक पायरी बाकी आहे. माझ्या मते सगळ्यात फायद्याची, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. व्होल्टेज उतरवणं.

चिप खाते ती वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. १.०५ व्होल्टवर चालणारी चिप तोच वेग ठेवून ०.९ व्होल्टवर आणली तर कागदावर सुमारे २६ टक्के वीज वाचते. शिवाय थंड चिपमधून गळून वाया जाणारी वीजही कमी होते, म्हणजे फायदा दुहेरी. कंपन्या व्होल्टेज जरा सढळ ठेवतात, कारण त्यांना लाखो चिपांमधली सगळ्यात आळशी चिपसुद्धा चालवायची असते. तुमची बहुधा तितकी आळशी नसेल. आफ्टरबर्नर हा कार्डाची सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम उघडा, कंट्रोल आणि एफ एकदम दाबा, व्होल्टेजची रेघ दिसेल. आधी क्लॉकचा सरकता दांडा वजा दोनशेच्या आसपास नेऊन पूर्ण रेघ खाली उतरवा. मग ०.८७५ ते ०.९०० व्होल्टच्या खुणेवरचा बिंदू उचलून १८०० ते १८५० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि लागू करा. त्याच्या पुढची रेघ सपाट होते. ३०८० साठी ही सुरुवातीची जागा ठीक आहे. रे-ट्रेसिंग असलेला एखादा जड गेम तासभर खेळा. गेम पडला तर १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी खाली या. माझ्या टेबलावर अशा कार्डांचे ३२० वॅट २४०-२५० वर आलेले आहेत, आणि फ्रेममधला फरक डोळ्यांना कळत नाही. तुमचे दर वॅटमागे ०.१७ अंश धरले तर ७० वॅट कमी म्हणजे जवळपास १२ अंश. एवढं तुम्हाला नवी पेस्टसुद्धा एकटी देणार नाही. एएमडीवाल्यांना हेच ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. रेघेशी खेळायचा कंटाळा असेल तर पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा, काम तेवढं सुबक नाही पण होतं.

फ्रेम रेटलाही लगाम हवा. स्क्रीन १४४ हर्ट्झची आणि मेनूमध्ये कार्ड हजार फ्रेम काढत बसलंय, याला अर्थ नाही. २०२१ च्या जुलैमध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या बंद बीटामध्ये (निवडक लोकांसाठीच्या चाचणी आवृत्तीत) काही आरटीएक्स ३०९० कार्डं कामातून गेली. मूळ दोष त्या कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये निघाला, पण मेनूतल्या बेलगाम फ्रेमची चर्चा इतकी झाली की गेममध्ये तिथे मर्यादा घालण्यात आली. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेम रेट स्क्रीनच्या जरा खाली ठेवून द्या.

एवढं करून पुन्हा मोजा. कॅबिनेट मोकळं, धूळ साफ, २५० वॅट. माझा अंदाज, मुख्य तापमान सत्तरीच्या आत येईल. हॉटस्पॉटचं अंतर वॅटच्या प्रमाणात २२ वरून १७ च्या आसपास यायला हवं. तेवढ्यावर थांबलात तरी चालेल, खरंच. मात्र वॅट उतरूनही अंतर २० च्या वर अडलं, किंवा पहिल्या दहा सेकंदांतली ती उडी दिसली, तर मग कार्ड उघडायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, आधी कंपनीकडे पाठवा.

पेस्ट इतक्या लवकर का जाते? ३०८० ची चिप ६२८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब-रुंद, आणि प्रोसेसरवर असतं तसं धातूचं झाकण तिच्यावर नाही. गेम सुरू केला की ती फुगते, किंचित वाकते, बंद केला की परत येते. हे रोज घडतं आणि पातळ पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. उघडल्यावर तुम्हाला चिपच्या कडेने पेस्टची किनार आणि मधे जवळपास कोरडी जागा दिसेल. म्हणून इथे प्रोसेसरसाठी नावाजलेली पातळ पेस्ट घेऊ नका, तीच सहा महिन्यांत पुन्हा सरकते. घट्ट पेस्ट घ्या, किंवा माझी हल्लीची पसंती, हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ चकती. ती खोलीच्या तापमानाला घन असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन सगळे खळगे भरते आणि जागची हलत नाही. लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या द्रव धातूच्या, नादी लागू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि एक थेंब घरंगळला की शॉर्ट.

उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करा, जुनी पेस्ट मऊ होते. मागचे स्क्रू कुठून कुठले निघाले त्याचा फोटो काढा. चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरपे-तिरपे, प्रत्येकाला थोडं थोडं सैल करत काढा. हीटसिंक सरळ वर उपटू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा, आणि निघाला की लगेच दूर ओढू नका. पंख्यांची आणि दिव्यांची बोटभर वायर बोर्डाला अडकलेली असते. चिप ९० टक्क्यांच्या वर शुद्ध असलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट पूर्ण चिपवर पसरवा. प्रोसेसरवर ठिपका टाकून दाबतात तसं इथे नको, कोपरा उघडा राहिला तर तोच नवा हॉटस्पॉट. बसवताना पुन्हा तिरपे-तिरपे, हळूहळू, स्क्रू थांबेपर्यंत.

आणि पॅड, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा थांबून सांगतो. मेमरीवरचे जुने पॅड फाटले म्हणून मी एका कार्डावर दीड मिलिमीटरच्या जागी हाताशी असलेले दोन मिलिमीटरचे लावले. वाटलं, जरा जाड, दाबले जातील. मेमरी सुरेख थंड झाली आणि हॉटस्पॉट पाच सेकंदांत १०८! त्या अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक उचलून धरला होता, चिपला तो नीट टेकतच नव्हता. तेव्हापासून जाडी माहीत नसेल तर मी पॅड सोडून थर्मल पुट्टी वापरतो, ती दाबली तितकी पसरते. तुमची मेमरी १०२ वर आहे. तुमच्या कार्डावरची जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी ११० ला स्वतःला रोखते, म्हणजे अजून हात घालण्याइतकी वेळ आलेली नाही. पॅड अखंड निघाले तर तेच परत लावा. पॅडमधून तेलासारखं काहीतरी ओघळलेलं दिसलं तर दचकू नका, ते सिलिकॉनचं तेल असतं, वीज वाहत नाही, पुसून टाका.

ज्यांच्याकडे १६ पिनांच्या पॉवर कनेक्टरचं नवं कार्ड आहे त्यांच्यासाठी एकच ओळ: तो कनेक्टर तापला तर बहुतेक कार्डांच्या संवेदकांत दिसत नाही. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा तारांत वाटलेले. प्लग अर्धवट बसला तर प्लास्टिक वितळतं, आणि २०२२ पासून वितळलेले कनेक्टर जगाने पाहिलेत. जळका वास आला तर तापमान बघत बसू नका, बटण बंद करा.

पेस्ट बदलली तर पहिल्या दिवशीचे आकडे अंतिम समजू नका. पीटीएमची चकती चार-पाचदा पूर्ण तापून निवली की बसते. आठवड्याने तोच गेम, तीच जागा, तेच वॅट, खोलीचं तापमान लिहून मोजा. पंख्यांची गतीही तीच असेल तर दर वॅटमागचा आकडा ०.१५ च्या जवळ आणि हॉटस्पॉटचं अंतर १५ च्या आत आलेलं असेल. नसेल आलं, तर चार स्प्रिंग स्क्रूंपैकी एखादा अर्ध्यावर राहिलाय. पुन्हा उघडायच्या आधी तो तपासा.